बॉम जीझसचा गिलावा व वसईचा फत्तर

चौक येथे धारावीच्या किल्ल्याच्या जागेवर उभे राहिले असता उत्तरेस खाडीपलीकडे वसईचा कोट दृष्टीस पडतो. शके १६६१, म्हणजे इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली; त्यापूर्वी धारावीचे ठाणे हस्तगत करणे मराठ्यांस किती अगत्याचे होते, हे ह्या जागेवरून पाहणारास निराळे सांगावे लागत नाही. त्या युद्धाविषयी विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय युद्ध नव्हे. वसईच्या परिसरातून निघालेला काळा फत्तर समुद्रमार्गे गोव्यास गेला व तेथील एका विख्यात ख्रिस्तमंदिराच्या दर्शनी भिंतीवर बसला. त्या मंदिराचा विसाव्या शतकात जो जीर्णोद्धार झाला, त्याचा निवाडा करण्यास हाच फत्तर उत्तम साक्षीदार आहे, असे मला वाटते. ती साक्ष वाचकांपुढे मांडावी एवढाच येथे हेतू आहे.

हे मंदिर म्हणजे जुन्या गोव्यातील बॉम जीझस. ते धर्माध्यक्षाचे पीठस्थान नव्हे. तो मान रस्त्यापलीकडील से कॅथेड्रलचा आहे. बॉम जीझस हे येशूसंघीयांचे. त्याची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी (शके १५१६) झाली व १५ मे १६०५ रोजी (शके १५२७) आर्चबिशप आलेशु द मेनेझिस ह्यांच्या हस्ते त्याचे अभिषेचन झाले. खर्चाचा मोठा भाग कोचीनचा कप्तान जेरोनिमो मास्कारेन्यस ह्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून भागला. तो १५९३ मध्ये वारला. त्याचे स्मारक मंदिराच्या आतील भिंतीत आहे. हे आर्चबिशप मेनेझिस वसईच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीत. वसईच्या कोटातील सेंट जोसेफच्या मुख्य चर्चवर १६०१ चा जो लेख आहे, त्यात त्यांचेच नाव आहे. डॉ. जुझे गेर्सन द कुन्य ह्यांनी चौल व वसई ह्यांवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात तो दिला आहे. म्हणजे वसईचे मुख्य चर्च व गोव्याचे बॉम जीझस ही दोन्ही एकाच धर्माधिकाऱ्याच्या कारकीर्दीतील कामे होत. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आली होती. साठ वर्षांत तेथे चर्चे, मठ व पाठशाळा उभ्या राहिल्या होत्या आणि तेथील फत्तराचा लौकिक गोव्यापर्यंत गेला होता.

मंदिराची लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट व उंची ६१ फूट आहे. विधान क्रूसाकृती असून बाजूच्या ओवऱ्या नाहीत. एकच प्रशस्त दालन वेदीपर्यंत जाते. दर्शनी भाग ७५ फूट रुंद व ७८ फूट उंच आहे. तळाशी मधला मोठा दरवाजा व त्याच्या दोन बाजूंस दोन लहान दरवाजे, त्यावर तीन चौकोनी खिडक्या, त्यावर तीन वर्तुळाकार गवाक्षे, आणि सर्वांवर शिरोभाग. शिरोभागाच्या मध्यावर येशूच्या नामाची तीन अक्षरे कोरली आहेत. तीच येशूसंघाची मुद्रा. रोमन व ग्रीक पद्धतीचे निरनिराळे स्तंभप्रकार एकाच भिंतीवर मजल्यामजल्याने योजले आहेत. दर्शनी बाजूस मनोरा नाही. घंटाघर मागे आहे.

आता द्रव्याकडे वळू. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या आहेत. जांभा कोकण व गोव्याचा घरगुती दगड. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वाऱ्यावर ठेवला की कठीण होतो. स्कॉटिश निरीक्षक फ्रान्सिस बुकानन ह्याने १८०७ मध्ये मलबाराचे वर्णन करताना विटेच्या लॅटिन शब्दावरून त्यास शास्त्रीय नाव दिले, ते ह्याच गुणामुळे. पण जांभ्याचे अंग सच्छिद्र असते. त्यात पाणी शिरते, मऊ भाग धुपून जातो, कठीण कण उरतात व पृष्ठभागास खळगे पडतात. त्यात बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून कारागिरांनी एकाच भिंतीत दोन दगड वापरले. अंग जांभ्याचे, आणि जेथे कोरीव काम करावयाचे तेथे वसईहून आणलेला काळा फत्तर. ह्या दोहोंस जोडणारे तिसरे द्रव्य म्हणजे चुन्याचा गिलावा. गोव्यात शिंपल्यांचा चुना मुबलक होता. जांभ्याच्या अंगावर तो गिलावा चढवीत व वरून सफेती देत. एकोणिसाव्या शतकात घेतलेल्या छायाचित्रांत बॉम जीझस असेच गिलाव्याने झाकलेले दिसते.

येथे एका संस्कृत शब्दाचे स्मरण होते. सुधा म्हणजे अमृत, तसाच चुनाही. आणि सुधेने लिंपलेले ते सौध. राजवाड्याचे नावच गिलाव्यावरून पडले! आमच्या जुन्या भाषेने लेपास वास्तूचे बाह्य प्रसाधन मानले नाही, तिच्या स्वरूपाचा अंश मानले. कोकणातील जांभ्याच्या घरांस पावसापूर्वी चुना देणारा मनुष्य हा कोश न वाचताही तेच जाणतो.

मंदिराच्या अंतर्भागाविषयी थोडक्यात सांगतो. सोनेरी वेदीवर येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस ह्याची भव्य मूर्ती आहे व तीवर मुद्राक्षरांचे तेजोमंडल आहे. परंतु यात्रेकरूंचे मुख्य श्रद्धास्थान संत फ्रान्सिस झेवियर ह्याची समाधी हे होय. तो ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सान्शियान बेटावर वारला. १५५४ मध्ये देह गोव्यात आणला गेला. १६२२ मध्ये त्यास संतपद मिळाले. देह ज्या रुप्याच्या पेटीत आहे ती १६३६–३७ मध्ये घडली; तिच्या पत्र्यांवर संताचे चरित्रप्रसंग उठविले आहेत. पेटीखालील चौथरा मात्र इटलीचा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची ह्याने तो दिला. फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी ह्याने रंगीत पाषाण, संगमरवर व काशाचे चित्रपट योजून दहा वर्षे त्यावर काम केले; आणि तो सुट्या भागांत जहाजाने पाठवून प्लाचिदो रांपोनी ह्या कारागिराच्या देखरेखीखाली १६९८ मध्ये येथे बसविण्यात आला. अशा रीतीने वसईचा फत्तर, गोव्याचा जांभा व फ्लोरेन्सचा संगमरवर एका छपराखाली आले.

पुढील काळ पडता होता. १७५९ मध्ये पोर्तुगीज दरबाराने येशूसंघीयांस हद्दपार केले. १७७६ मध्ये समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. १८३५ मध्ये मठ बंद झाले. सेंट ऑगस्टीनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये खाली आले व १९३१ मध्ये दर्शनी भागही पडला. १८४३ मध्ये राजधानी पणजीस गेली. बॉम जीझस तगले ते झेवियरच्या समाधीमुळे. १९४६ मध्ये पोपने त्यास बॅसिलिकेचा दर्जा दिला.

आणि नेमके ह्यानंतर, जेव्हा मंदिराकडे राज्यकर्त्यांचे लक्ष पुन्हा वळले, तेव्हा मोठा अपाय झाला. पोर्तुगालात १९२९ मध्ये राष्ट्रीय इमारती व स्मारके ह्यांसाठी एक सरकारी खाते स्थापन झाले होते. मध्ययुगीन चर्चांवरील उत्तरकालीन भर काढून टाकून त्यांस 'मूळ' रूपात आणावे, असे त्याचे धोरण असे; लिस्बन व पोर्तो येथील कॅथेड्रलांवर ते चालविले गेले. ह्या खात्यात मोठ्या अधिकारावर राहिलेला वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रु १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यात आला. त्याने बॉम जीझसच्या बाह्य भिंतींवरील गिलावा उतरविला. उघडा दगड प्राचीन दिसतो व प्राचीनता शोभते, ही त्यामागील दृष्टी होती असे सांगितले जाते. तेव्हापासून मंदिर तांबडे झाले. आज प्रवासी त्या तांबड्या रूपाचीच छायाचित्रे घेतात, आणि तेच चार शतकांचे रूप आहे असे समजतात.

हस्तलिखितांच्या व्यवहारात असलेल्या वाचकांस ह्या कृत्याचे स्वरूप लवकर उमगेल. संपादकापुढे पोथी येते. एखादा श्लोक प्रक्षिप्त वाटतो. तो काढावा की ठेवावा? भांडारकर संस्थेत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची जी पद्धत घालून दिली, तीत संहितेबाहेर ठेवलेला एकही पाठ नष्ट केला नाही; तळटीपांत वा परिशिष्टांत त्यास स्थान दिले. संपादकाचा निर्णय चुकला तर पुढचा अभ्यासक तो फिरवू शकतो. भिंतीवरून खरवडलेला गिलावा कोणत्या परिशिष्टात ठेवावयाचा? शिवाय येथे तर प्रक्षेप म्हणून जे काढले ते मूळ संहितेचेच अंग होते. जुनी शाई पुसट दिसावी म्हणून कोणी पोथीच्या पानांवरील लेप खरवडावा, तसा हा प्रकार झाला.

गिलावा मूळचा होता ह्यास प्रमाण काय, असे कोणी विचारील. छायाचित्रे एकोणिसाव्या शतकाची आहेत; त्यांपूर्वीचे काय? येथे वसईचा फत्तर साक्षीस येतो. सर्व भिंत उघडीच ठेवावयाची असती, तर स्थपतीने दोन दगडांची योजना निराळी केली असती. जेथे नक्षी आहे तेथे न धुपणारा, महागडा, जहाजातून आणलेला दगड. जेथे नुसती भिंत आहे तेथे जागचा, सच्छिद्र, स्वस्त दगड. हा विभाग सांगतो की पहिला दिसावयाचा होता व दुसरा झाकावयाचा. शुभ्र भूमीवर काळ्या स्तंभांच्या व पट्ट्यांच्या रेषा उठून दिसाव्यात हा मूळ संकल्प असला पाहिजे. तांबड्या खळगेदार भूमीवर त्या रेषा मावळतात. रस्त्यापलीकडील से कॅथेड्रल आजही शुभ्र आहे. दोहोंची तुलना प्रत्येकास करता येते.

अशी भूल केवळ आपल्याकडे पडली असे नाही. ज्या फ्लोरेन्समध्ये झेवियरचा चौथरा घडला, तेथील कॅथेड्रलची पायाभरणी १२९६ ची. त्याचा अपुरा राहिलेला मध्ययुगीन दर्शनी भाग मेदिची ड्यूकच्या कारकीर्दीत १५८७ मध्ये जुना व बेढब ठरवून उतरविण्यात आला. नवा उभारण्याविषयी वाद चालले, आणि तीन शतके कॅथेड्रलचे तोंड उघडेच राहिले. आजचा दर्शनी भाग १८८७ मध्ये पुरा झाला. त्या वेळच्या एका रेखाचित्रामुळे व जपून ठेवलेल्या मूर्तींमुळे जुने रूप निदान कळते तरी. काढणे एका हंगामाचे काम असते, परत मिळविणे शतकांचे.

बॉम जीझसचा प्रश्न केवळ रूपाचा नाही, आयुष्याचा आहे. गोव्यात वर्षास सुमारे १२० इंच पाऊस पडतो. गिलावा असताना तो पाऊस गिलावा सोशी; झिजला की नवा चढे. आता चिरेच झिजतात, आणि झिजलेला चिरा पुन्हा वाढत नाही. १९८६ मध्ये ही मंदिरे जागतिक वारशाच्या यादीत आली व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण त्यांची देखभाल करते. २०२० मध्ये बॅसिलिकेच्या प्रमुख धर्मगुरूंनी वास्तूच्या दुरवस्थेविषयी जाहीर तक्रार केली आणि पुन्हा गिलावा करावा ही मागणी पुढे आली.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे उपेक्षणीय नाही. १९६४ च्या व्हेनिस येथील संहितेने प्रत्येक काळाने वास्तूस दिलेल्या भरीचा आदर करावा व शैलीची एकरूपता हे ध्येय मानू नये, असे ठरविले. मग सत्तर वर्षांचे हे तांबडे रूपही इतिहासच नव्हे काय? गोवेकरांच्या दोन पिढ्यांनी तेच पाहिले आहे. ह्यास माझे उत्तर असे की, काश्त्रुने भर घातली नाही. त्याने वजाबाकी केली. वजाबाकी भर म्हणून जपावयाची तर जपण्यास भिंत उरली पाहिजे. जो थर आपल्या खालच्या थरास राखतो तो जपावा. ज्या उघडेपणाने मूळ द्रव्यच नाहीसे होते तो जपता येत नाही. मयमतात जीर्णोद्धारास स्वतंत्र अध्याय दिला आहे, तो जीर्ण वस्तू टिकावी म्हणून, जीर्णता शोभावी म्हणून नव्हे.

तथापि उतावीळही उपयोगी नाही. गिलावा द्यावयाचा तो चुन्याचाच. सिमेंट ओल कोंडते व जांभा आतून कुजवते. प्रथम पावसाच्या माऱ्याच्या एका भिंतीवर नमुना करून काही पावसाळे पाहावा. त्याआधी आजच्या भिंतीचा चिरान् चिरा मोजून, चित्रित करून ठेवावा, म्हणजे तांबड्या रूपाचा पाठही परिशिष्टात राहील. काश्त्रुने जे केले नाही ते आपण करावे.

शेवटी पुन्हा वसईकडे येऊ. १७३९ नंतर वसई प्रांतातील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या व देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ चा आकडा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ चा. त्या जिंकून आणलेल्या वस्तू होत्या. तरीही त्यांवरील सन व ख्रिस्ती चिन्हे कोणी खरवडून काढली नाहीत, म्हणून आज त्या आपले मूळ स्वतः सांगतात. ज्यांची श्रद्धा निराळी होती त्यांनी लेख राखला, आणि जो त्या मंदिराचा उद्धार करावयास आला त्याने तो खरवडला. खाडीपलीकडे वसईच्या येशूसंघीय चर्चची कोरीव दर्शनी भिंत छप्पर गेल्यावरही उभी आहे. तिचा सहोदर फत्तर गोव्यात अजून शाबूत आहे. शेजारचा जांभा त्याच्याइतका चिवट नाही, आणि त्याच्यासाठीच ही लेखणी उचलली.