षट्कर्णी झालेली विद्या

रत्नागिरी जिल्ह्यांतील गणपतीपुळें हें क्षेत्र आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें असेल. ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं समुद्राला लागून उभी असलेली एक टेकडी मनांत आणावी. देऊळ टेकडीच्या पायथ्याशीं आहे. परंतु भाविकांच्या दृष्टीनें ती टेकडीच देव, म्हणून प्रदक्षिणा घालावयाची ती नुसत्या गाभाऱ्यास नव्हे, अवघ्या डोंगरास. विद्येच्या दैवताचें हें ठाणें ज्या तांबड्या जांभ्याच्या मुलुखांत आहे, त्याच मुलुखांत, त्याच दगडांच्या सांदींत, लाल विंचवाचेंही ठाणें आहे. घरासभोंवतीं रचलेले जांभ्याचे गडगे, पेंढ्याच्या उडव्या, अंगणांत रचलेलें सरपण, हीं सर्व त्याचीं बिऱ्हाडें. आणि अनवाणी चालणारा शेतकरी व अंधारांत खेळणारें त्याचें मूल हे त्याचे नित्याचे शेजारी.

या दंशावर कोंकणांतच काय, साऱ्या महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या एकच इलाज प्रसिद्ध होता, तो म्हणजे मंत्र. विंचू उतरविणारा गृहस्थ गांवोगांव असे. त्याची विद्या ग्रहणकालीं पाण्यांत उभें राहून सिद्ध झालेली असे, आणि तिला एक कडक पथ्य असे. ती कोणास सांगावयाची नाहीं. मंत्र षट्कर्णी झाला कीं त्याचें सामर्थ्य गेलें. या मांत्रिकांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पुष्कळसे मांत्रिक एक पैही घेत नसत व मध्यरात्रीं हांक आली तरी उठून जात. त्यांच्या श्रद्धेविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती जी विद्या सांगितल्यानें मरते तिजविषयीं. कारण वैद्यकाचा अर्वाचीन इतिहास पाहिला तर नेमका उलट नियम दिसतो. येथें सांगितल्यावांचून विद्या जगतच नाहीं.

मुंबई इलाख्यांत वैद्यकीय विषयांवर निबंध वाचणें, ते छापणें आणि त्यांवर चारचौघांनीं टीका करणें हा प्रघात मेडिकल अँड फिजिकल सोसायटीनें १८३५ च्या सुमारास पाडला. कलकत्त्यास तशी संस्था बारा वर्षें आधींच निघाली होती. या सभा गोऱ्या लष्करी व सरकारी डॉक्टरांच्या, हें खरें. पण त्यांतलेच एक डॉ. चार्ल्स मोरहेड पुढें १८४५ सालीं निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे पहिले प्रिन्सिपॉल झाले, आणि तेथून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड होते. पेडणें महालांतल्या मांद्रें गांवचा हा मुलगा डॉक्टर झाला, शिलालेख वाचूं लागला, दोनदां मुंबईचा शेरीफ झाला. त्यांचें चरित्र येथें सांगत बसण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्या विषयाशीं संबंध आहे तो त्यांच्या कुष्ठरोगावरील औषधाचा.

भाऊंनीं जुन्या संस्कृत ग्रंथांतून व देशी वनस्पतींतून औषधें धुंडाळलीं. सह्याद्रीच्या रानांत वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचें तेल त्यांनीं महारोग्यांस दिलें व कित्येकांस गुण आला असें सांगण्यांत आलें. पण औषध कोणतें हें भाऊंनीं बराच काळ उघड केलें नाहीं. त्यांचे समव्यवसायी नाराज झाले; ज्या उपायाची घटना ठाऊक नाहीं त्याची परीक्षा करावी कशी, हा त्यांचा प्रश्न होता. परक्या राज्यांत एका नेटिव्ह डॉक्टरास आपला शोध दुसऱ्याच्या नांवावर चढेल अशी धास्ती वाटली असल्यास तिचें आम्हांस नवल वाटत नाहीं. तरी परिणाम व्हावयाचा तो झाला. कलकत्त्याकडे डॉ. मूआट यांनीं याच जातीच्या चौलमुग्रा तेलाविषयीं १८५४ सालींच छापून टाकलें होतें, आणि पुढें जगाच्या पुस्तकांत तें नांव राहिलें. भाऊंसारखा स्वतंत्र बुद्धीचा पुरुष जुनीं नाणीं व ताम्रपट यांविषयींचें आपलें ज्ञान एशियाटिक सोसायटीच्या सभांत मुक्तहस्तें वांटीत होता. रोग्याच्या औषधापुरतें मात्र त्यानें षट्कर्णीचें भय बाळगलें, हें आम्हांस त्यांच्या थोरवीशीं विसंगत वाटतें.

नंतरचें प्रकरण हाफकीन साहेबांचें. प्लेग मुंबईंत १८९६ सालीं आला. त्याच वर्षीं हाफकीन आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतल्या एका लहानशा जागेंत कामाला लागले. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं पहिली लस स्वतःला टोंचून घेतली. पुढें १९०२ सालीं पंजाबांत मलकोवाल येथें लस टोंचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं, आणि सारें खापर हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर फुटलें. पुढें रोनाल्ड रॉसप्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या टाइम्स पत्रांत पुरावा मांडून त्यांची बाजू सांवरली. सरकारी चौकशीनें ज्यास दोषी ठरविलें त्यास उघड वादानें सोडविलें. परळच्या ज्या संस्थेस १९२५ पासून त्यांचें नांव आहे ती आपल्या विषयांत पुन्हा येणार आहे.

आतां विंचवाकडे वळूं. विंचवाच्या दंशानें माणूस मरतो हें शहरी डॉक्टरांस पुष्कळ काळ खरेंच वाटत नसे. त्यांनीं पाहिलेले रोगी कळवळत आणि दुसऱ्या दिवशीं बरे होत. मांत्रिकाच्या यशाचें मूळही येथेंच आहे. दहांतले पुष्कळ रोगी आपोआप बरे व्हावयाचेच असत. जे मरत ते दूर खेड्यांत मरत, आणि खेड्यांतलें मरण सभेंत वाचलें जात नाहीं. १९६१ सालीं डॉ. मुंडले यांनीं विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतें हें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें कळविलें, पण उपाय हातीं आला नव्हता.

१९७६ सालीं कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांत महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रांत एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचें नांव हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यांतल्या देहेड गांवीं, गरिबींत वाढलेले. शिक्षण नागपुरास झालेलें. त्यांच्यापुढें विंचू चावलेलीं मुलें येत, घामानें भिजलेलीं, ओकाऱ्या होत असलेलीं, हातपाय बर्फासारखे थंड पडलेलीं. आणि कांहीं तासांत तोंडाला फेंस येऊन संपत. पुस्तकांत उत्तर नव्हतें. बावस्करांनीं रोग्याच्या खाटेशीं बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्या नोंदींतून जें निघालें तें १९८२ सालीं लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. विशेष हें कीं, ज्याच्या अंगांत विष भिनतें त्यास दंशाच्या जागीं वेदना पुष्कळदां थोडीच असते. म्हणजे वेदना उतरली म्हणून मांत्रिक व घरचीं माणसें निश्चिंत होत, तेव्हां आंत घात चाललेला असे!

त्या घाताचा प्रकार असा. विंचवाचें विष मज्जातंतूंतील सोडियमचीं द्वारें मिटूं देत नाहीं. त्यामुळें शरीरांतलीं उत्तेजक द्रव्यें एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या ओझ्याखालीं थकतें आणि फुप्फुसांत पाणी सांचतें. हें एकदां उमगल्यावर उपायाची दिशा दिसते: आवळलेल्या वाहिन्या सैल कराव्या. प्राझोसिन नांवाचें रक्तदाबावरचें साधें, तोंडानें घ्यावयाचें औषध बावस्करांनीं वापरून पाहिलें, व १९८६ सालीं तेंही लॅन्सेटमध्यें मांडलें. पूर्वी गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा चाळीसच्या घरांत दगावत. प्राझोसिन आल्यावर तें प्रमाण शेंकडा एकच्या आसपास उतरलें, असें त्यांच्या लेखांतून दिसतें. पुढें परळच्या हाफकीनचें विंचवाचें प्रतिविष आलें. आपलेंच औषध पुरेसें आहे असा हट्ट न धरतां बावस्कर पतिपत्नींनीं महाडांत सत्तर रोग्यांवर तुलना केली व २०११ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें निकाल छापला. नुसतें प्राझोसिन दिलेल्या पस्तिसांपैकीं दहा तासांत आठ जण पूर्ण बरे झाले. जोडीला प्रतिविष दिलेल्या पस्तिसांपैकीं बत्तीस. २०२२ सालीं सरकारनें बावस्करांस पद्मश्री दिली. आम्हांस त्या पदवीपेक्षां आठ आणि बत्तीस हे आंकडे अधिक मोलाचे वाटतात. आपल्या नांवाशीं जोडलेला उपाय एकटा उणा पडतो हें स्वतःच्या सहीनें छापावयास मन मोठें लागतें.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालीं नाशिक येथें स्थापन झाल्यापासून राज्यांतील डॉक्टरी, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी व परिचर्येचीं महाविद्यालयें त्याच्या छत्राखालीं आलीं. चिपळुणाजवळ सावर्डें येथें वैद्यकीय महाविद्यालय आहे, अलीकडे खुद्द रत्नागिरीसही सरकारी महाविद्यालय निघालें. अशा महाविद्यालयांत आतां संशोधन दिन होतात, परिषदा भरतात, विद्यार्थी भिंतीवर तक्ते लावून आपलें काम समजावितात. आविष्कार नांवाचा सर्व विद्यापीठांचा संशोधन महोत्सवही असतो. याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु चार दशकें अध्यापनांत गेल्यामुळें एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. अशा समारंभांत दीपप्रज्वलनास व सत्कारास जितका वेळ मिळतो तितका प्रश्नोत्तरांस मिळत नाहीं. विद्यार्थी दहा मिनिटांत निबंध वाचतो, टाळ्या होतात, प्रशस्तिपत्र हातीं पडतें. तुमचे रोगी किती, निवडले कसे, जे दगावले त्यांचें काय, असें विचारणारा एखादा कुजकट म्हातारा सभेंत असलाच तर अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात. षट्कर्णी होणें म्हणजे नुसतें सहा कानांवर पडणें नव्हे. त्या कानांच्या मालकांना तोंडही असावें लागतें.

आणि ते कान कोणाचे, हाही प्रश्न आहेच. कोंकणांतल्या महाविद्यालयानें वर्षांतून एक दिवस तरी मराठींत सभा भरवावी, तिला आरोग्य केंद्रांतल्या परिचारिका व आशाताई बोलवाव्या, रात्रीं आलेल्या रोग्याचे पहिले दोन तास कोठें वायां गेले हें त्यांच्याकडून ऐकावें. जांभ्याच्या चिरेखाणींतला एखादा मुकादमही पहिल्या रांगेंत बसवावा. विंचू कोणत्या महिन्यांत, कोणत्या थरांत निघतो हें त्याला विचारल्यावांचून कळावयाचें नाहीं.