तीन मिलिमीटरची मजल

एक डोळा हाताने झाका आणि खिडकीच्या गजांकडे बघा. सरळ दिसतात ना? आता मधले दोन गज मेणाचे असल्यासारखे लवू द्या. पुढच्या वर्षी त्या जागी नुसता करडा डाग. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. उतारवयात मॅक्युला, म्हणजे रेटिनाचा नेमका मधला ठिपका, बिघडला की असं होतं. हाच डाग डोळ्यात घेऊन १९९५ सालात उतरा.

कॅलिफोर्नियातलं ला होया. बाहेर पॅसिफिकचा खारा वारा, आत सॉल्क इन्स्टिट्यूटमधली फ्रेड गेज यांची प्रयोगशाळा. मेंदूवर काम करणाऱ्यांच्या मेळ्यात एक जपानी नेत्रतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकावर वाकली आहे : क्योटोच्या डॉक्टर मासायो ताकाहाशी. नवरा जुन मेंदूचा सर्जन. त्याच्यासोबत त्या इथे आल्या आणि मूलपेशींशी त्यांची गाठ पडली. रेटिना तरी काय, मेंदूचाच बाहेर डोकावणारा तुकडा! मग प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी नवजात पिल्लाच्या डोळ्यात सोडल्या. तुम्ही हळूच त्यांच्या खांद्यावरून बघता. पेशी रेटिनात रुजल्या आहेत, रूपही शेजारणींसारखं घेतलं आहे. टाळी वाजवायला तुमचे हात उठतात.

थांबा. पक्व रेटिनापेशीच्या खुणा त्यांच्यात उमटलेल्याच नाहीत. सोंग वठलं, अंगी काम आलं नाही. १९९८च्या शोधनिबंधात ही उणीवही नोंदली जाते.

आता लांब उडी. वाटेत २००६ लागतं. शिन्या यामानाका उंदराच्या त्वचेतल्या पेशींना चार जनुकांच्या जोरावर बाल्यावस्थेत नेतात; याच आयपीएस पेशी. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींनाही. ताकाहाशी तोवर कोबेच्या रिकेन संस्थेत आल्या आहेत. ज्याच्या डोळ्यात पेशी घालायच्या त्याच्याच कातडीपासून त्या घडवता येतील, हे आता शक्य कोटीत आलं आहे.

२०१४, कोबे. काचेच्या बशीत वाकून बघा. मधाच्या पोळ्यासारखा षटकोनी पेशींचा थर, चहाच्या डागासारखा तपकिरी. रेटिनाखालची ही कामकरी मंडळी. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची झिजलेली टोकं त्या रोज गिळतात, वर पोषणही पुरवतात. त्या खचल्या की वरच्या पेशींचे हाल सुरू. आजाराच्या ओल्या प्रकारात खालून कोवळ्या रक्तवाहिन्या घुसतात, पाझरतात. इंजेक्शनांनी पाझर आवरतो. खचलेला थर परत येत नाही.

बशीवरून मान वर केलीत तर संस्थेत दबलेली शांतता. इथूनच गाजलेले, ‘स्टॅप’ नावाच्या कथित मूलपेशींचे शोधनिबंध जुलैत मागे घ्यावे लागले. पाच ऑगस्टला त्या निबंधांचे एक सहलेखक योशिकी सासाई वारले. भ्रूणापासूनच्या मूलपेशींतून रेटिनाच्या पेशी घडवण्याच्या वाटेवर ते ताकाहाशींचे सोबती होते. मूलपेशी हा शब्दच त्या उन्हाळ्यात संशयाखाली आहे.

अशा दिवसांत, १२ सप्टेंबरला, तुम्ही शस्त्रक्रियागृहाच्या कोपऱ्यात उभे आहात. टेबलावर सत्तरीतल्या एक बाई. डॉ. यासुओ कुरिमोतो रेटिनाखालचं रक्तवाहिन्यांचं जाळं अलगद सोडवून काढतात. मग त्या मोकळ्या जागी बाईंच्याच त्वचेपासून वाढवलेला पेशींचा पापुद्रा सरकतो : १.३ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर लांब. आयपीएस पेशींपासून बनलेलं काही माणसाच्या शरीरात बसवण्याची जगातली ही पहिली वेळ. पण इथे कुणी दृष्टीचं वचन दिलेलं नाही. प्रश्न एवढाच : शरीर हा पापुद्रा सांभाळेल का, आणि त्यातून गाठ तर होणार नाही ना?

वर्षभर पुढे या. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार आहेत, पण तपासणीत त्यांत जनुकीय बदल आढळले आहेत. हे बदल घातकच, असं सिद्ध झालेलं नाही. तरी पेशी डोळ्यात घातल्या जात नाहीत. अभ्यास तिथेच थबकतो.

शेवटचा थांबा मार्च २०१७. पहिल्या रुग्णाचा अहवाल छापून आला आहे. बोट ठेवून वाचा. वर्षानंतर पापुद्रा जागेवर शाबूत. गाठ नाही. मॅक्युलाला सूज आहे. नजर सुधारली नाही, बिघडलीही नाही. आणि त्याच महिन्यात, २८ तारखेला, कोबेत आणखी एका रुग्णावर शस्त्रक्रिया होते; या वेळी पेशी दुसऱ्या दात्याच्या, आधीच तयार करून ठेवलेल्या. प्रत्येकाची कातडी घेऊन महिनोन्महिने वाट बघायची, हे साऱ्यांना कसं परवडावं?

डोळ्यावरचा हात काढा. गज पुन्हा सरळ झाले. त्या बाईंचे झाले नाहीत, आणि अहवालाने तसं भासवलंही नाही. ला होयात उठलेले तुमचे हात पुन्हा वर येतात. या वेळी थांबवायला कुणी नाही.