पाचोळ्यातला सोंडकिडा आणि बारकोडचा दावा

कीटकशास्त्रात गेली काही वर्षे एक मत बळावत चालले आहे. नव्या प्रजातीचे शरीरवर्णन लिहीत बसणे हा आता कालापव्यय आहे, असे ते मत. डीएनएचा एक ठरावीक तुकडा, म्हणजेच 'बारकोड', वाचावा, त्याचा क्रम छापावा, एखादे छायाचित्र जोडावे, नाव द्यावे आणि पुढच्या कीटकाकडे वळावे. २०२१ साली कोस्टारिकातल्या ब्रॅकोनिड कुळातील ४०३ परोपजीवी गांधीलमाश्यांना मुख्यतः याच पद्धतीने नावे देण्यात आली.

या मताचे पुरस्कर्ते उथळ नाहीत. त्यांची चिंता खरी आहे. आजवर सुमारे चार लाख भुंगेऱ्यांची नोंद झाली आणि न नोंदलेले त्याहून कितीतरी अधिक आहेत. वर्गीकरण करणारे हात मोजके, आणि जंगले तर रोज तुटत आहेत. नमुना गोळा झाल्यापासून त्याचे वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ च्या एका अभ्यासात आढळले. हा आकडा लाजिरवाणा आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे काय?

ही २१ वर्षे वर्णन लिहिण्यात जातात, असे कोणी दाखवून दिलेले नाही. नमुना संग्रहालयाच्या खणात पडून असतो, कारण तो उघडून पाहणारा जाणकार नसतो. तुटवडा माणसांचा आहे आणि शिक्षा मात्र वर्णनाला! आग्नेय आशियातल्या ट्रिगोनॉप्टेरस वंशाचे उदाहरण पाहा. हे दोन-तीन मिलिमीटरांचे, उडता न येणारे सोंडकिडे, म्हणजे भुंगेऱ्यांचाच एक प्रकार. त्यांतले पुष्कळ पाचोळ्यात राहतात. कार्ल्सरूहच्या संग्रहालयातले अलेक्झांडर रीडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये न्यू गिनीतून १०१, २०१४ मध्ये जावा, बाली आणि आसपासच्या बेटांवरून ९८, आणि २०१९ मध्ये सुलावेसीतून १०३ नव्या प्रजाती मांडल्या. सुलावेसीतून तोवर या वंशाची एकच प्रजाती ठाऊक होती, तीही १८८५ ची. रीडेल यांनी बारकोड वापरला, भरपूर वापरला. पण प्रत्येक प्रजातीचा प्रमाण नमुना, म्हणजे नाव ज्याला बांधले जाते तो नमुना, निश्चित केला, नराची जननेंद्रिये उकलून पाहिली, छायाचित्रे दिली आणि आटोपशीर वर्णनही लिहिले. तीन प्रबंधांत तीनशे दोन प्रजाती. वर्णनामुळे वेग मरतो, हा आक्षेप इथेच निकालात निघतो.

आता बारकोडच्या अंगभूत मर्यादेकडे वळू. बारकोड हा मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा जेमतेम साडेसहाशे अक्षरांचा तुकडा. तो केवळ आईकडून येतो. कीटकांच्या पेशींत राहणारा वोल्बाखियासारखा जिवाणूही आईकडूनच पसरतो आणि पसरताना मायटोकॉन्ड्रियालाही सोबत ओढून नेतो. परिणामी दोन वेगळ्या प्रजातींचा बारकोड एकच दिसू शकतो. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे, आणि पाचोळ्यातल्या भुंगेऱ्यांच्या बाबतीत तर निर्णायक. ज्याला पंख नाहीत तो एक डोंगर सोडून दुसऱ्या डोंगरावर सहजी जात नाही. मधल्या खोऱ्यातले जंगल कोरडे पडले की दोन्ही डोंगरांवरच्या वस्त्या एकमेकींपासून तुटतात आणि त्यांचे बारकोड हजारो पिढ्या वेगवेगळे बदलत जातात. आता हा फरक दोन प्रजातींचा, की एकाच प्रजातीच्या दोन दुरावलेल्या वस्त्यांचा? अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, अशी सर्वत्र लागू पडणारी रेषा नाही. मग उत्तर कुठून येणार? कवचावरच्या खळग्यांतून, खवल्यांतून, नराच्या जननेंद्रियाच्या घडणीतून. हे स्वतंत्र साक्षीदार आहेत. बारकोडवरून रेखलेली प्रजाती पुन्हा बारकोडनेच तपासली, तर आरोपीच न्यायाधीश झाला. जे विधान चुकीचे ठरण्याचा मार्गच उरत नाही, त्याला विज्ञान कसे म्हणावे?

शरीराकडे पाहिल्याने काय हाती लागते, हेही ट्रिगोनॉप्टेरसनेच दाखवले. २०११ साली या वंशातल्या एका सोंडकिड्याच्या पायाच्या सांध्याचे क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्रण झाले आणि त्यात नट आणि स्क्रूची रचना सापडली, खऱ्याखुऱ्या आट्यांसह. सजीवांच्या सांध्यात अशी जोडणी तोवर नोंदली गेली नव्हती. बारकोडच्या साडेसहाशे अक्षरांत यातले एकही अक्षर नाही.

आणि जुन्या नमुन्यांचे काय करायचे? केनियात साठच्या दशकात मातीतून आणि पाचोळ्यातून वेचलेले, एक मिलिमीटरही न भरणारे, डोळे आणि पंख नसलेले भुंगेरे १९७८ पासून लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात होते. मायकेल डार्बी यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २०१९ मध्ये नेल्लॉप्टोडीस ग्रेटी ही प्रजाती मांडली. जुन्या नावांचेही तेच. शतकभर जुन्या नावांशी आजचा कीटक जोडायचा तर दोघांत समान असलेले काहीतरी लागते. ते शरीरच आहे. प्राणिनामकरणाच्या संहितेनेही १९३० नंतरच्या नावांसाठी भेद शब्दांत सांगणारे वर्णन किंवा व्याख्या आवश्यक मानली आहे. ही अट कागदी नाही. इंडोनेशियातल्या बोगोरच्या एखाद्या विद्यार्थ्याला अनुक्रमण यंत्राशिवाय, चांगल्या सूक्ष्मदर्शकावर, माझे म्हणणे पडताळता आले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ.

वाचकहो, दोन्ही बाजू आपल्यासमोर आहेत. बारकोड टाकून द्या, असे मी म्हणत नाही. तो प्रत्येक नव्या प्रजातीसोबत असावाच. पण नियतकालिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: प्रमाण नमुना, त्याच्या रचनेची चित्रे आणि जवळच्या प्रजातींपासूनचे भेद सांगणाऱ्या चार नेटक्या ओळी जिथे नसतील, तो प्रबंध लेखकाकडे परत पाठवा.