कर्सरच्या डावीकडे

१९९२ साली मी डॉसवर काम शिकत होतो. पडद्यावर 'सी' हे अक्षर आणि त्यापुढे बाणाचे टोक, एवढेच दिसे. जुन्या फायली काढून टाकायच्या म्हणून मी सगळ्या फायली पुसण्याची आज्ञा दिली. यंत्राने 'नक्की?' असे विचारले, मी होकार दिला. पण मी होतो भलत्याच डिरेक्टरीत. दोन महिने खपून केलेली संदर्भसूची गेली. दोष माझाच, तरीही प्रश्न उरला: मी कुठे आहे, हे त्या ओळीने मला का सांगितले नाही?

आज्ञा घेण्यास तयार आहे, हे सांगण्यासाठी संगणक जी खूण उमटवतो तिला प्रॉम्प्ट म्हणतात. तिचा माग काढत गेलो, की आपण अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये पोहोचतो. तेथे १९६९ साली युनिक्सचे काम सुरू झाले. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्यापुढे तेव्हा टेलिटाइप असे. त्याचे ३३ क्रमांकाचे मॉडेल कागदावर सेकंदाला १० अक्षरे छापी. माझा आजचा ४० अक्षरांचा प्रॉम्प्ट छापायला त्याला दर आज्ञेमागे ४ सेकंद लागले असते. थॉम्पसन यांच्या शेलने, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, टक्क्याच्या एका चिन्हावर भागवले. सर्वाधिकारी 'रूट'साठी मात्र '#' हे वेगळे चिन्ह होते. त्या काटकसरीतही एक माहिती आवश्यक ठरली, ती अधिकाराची. ज्याच्या हातून सर्वाधिक नुकसान होऊ शकते, त्याला त्याची आठवण हवी.

१९७९ साली स्टीफन बोर्न यांचा शेल सर्वत्र गेला. त्यात 'पीएस१' या चलात हवा तो मजकूर भरून प्रॉम्प्ट बदलता येई. पण तो मजकूर स्थिर राही. डिरेक्टरी बदलली तरी प्रॉम्प्ट तोच. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने तो दर वेळी नव्याने काढण्याची सोय केली. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये टीसीपी/आयपी आले. एका यंत्रापुढे बसून दुसऱ्यावर काम करणे सोपे झाले, आणि 'आपण कोणत्या यंत्रावर आहोत?' हा नवा प्रश्न उभा राहिला. यंत्राचे नाव प्रॉम्प्टमध्ये असणे आता चैन नव्हती.

त्याच वर्षी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टऱ्या आल्या आणि प्रॉम्प्ट बदलण्याची आज्ञाही. '$पी$जी' लिहिले की चालू डिरेक्टरी दिसे. फ्लॉपीवर मात्र ही सोय महाग पडे: दर वेळी डिस्क वाचावी लागे, आणि फ्लॉपी काढलेली असली तर चुकीचा संदेश येई. आमच्या यंत्रात हार्ड डिस्क होती. सुरुवातीच्या फाइलीत एक ओळ पुरेशी होती. ती कोणी लिहिली नव्हती आणि मला ठाऊक नव्हती.

१९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला. त्यात वापरकर्ता, यंत्र आणि डिरेक्टरी दाखवायला एकेक सांकेतिक अक्षर पुरते. पुढे रंगांचीही भर पडली. लोक ही सजावट समजतात. मला ती विस्मरणाची नोंदवही वाटते. एक खोली, एक यंत्र, मोजक्या फायली, असे होते तोवर हे सारे सांगावे लागत नव्हते. जे गृहीत धरणे धोक्याचे ठरले, तेच एकेक करून कर्सरच्या डावीकडे येऊन बसले.

माझ्या प्रॉम्प्टमध्ये डिरेक्टरी पिवळ्या रंगात असते. पुसण्याची आज्ञा देण्याआधी मी ती अजूनही पुटपुटत वाचतो.