फिशटँकची उसनी औषधं

माशांसाठी म्हणून बनवलेलं एकही औषध आमच्या दुकानात कधी नव्हतं. तरी रत्नागिरीत मांडवीपासून राजीवड्यापर्यंत ज्यांच्या घरी काचेची टाकी होती, ती माणसं मासा आजारी पडला की आमच्याकडेच यायची. गावात गुरांचा दवाखाना होता, पण बरणीत मासा घेऊन तिथे कोण जाणार? "काकू, गोल्डफिशची शेपटी झिजत चाललीय." "एंजलच्या तोंडाला बुरशी आलीय." "पोट फुगून खवले उभे राहिलेत." मी फार्मसीची पदविका घेऊन लग्नानंतर या घरात आले, तेव्हा मामंजी या तिन्ही तक्रारींना एकाच बरणीतून उत्तर देत. बरणीत परमँगनेटचे जांभळट काळे स्फटिक असत.

ती बरणी मुळात पटकीसाठी होती. अर्नेस्ट हँकिन नावाचा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ १८९२ मध्ये आग्र्याला सरकारी नोकरीत आला. विहिरीत परमँगनेट घालून पटकीची साथ अडवायची, हा उपाय त्याने धरला आणि पुढे तो गावोगावच्या विहिरींत पोचला. मामंजींनी लहानपणी तो पाहिला होता. साथीची कुणकुण लागली की माणूस येई, बादलीत स्फटिक विरघळवून विहिरीत ओती, पाणी गुलाबी होई. काही तासांनी रंग टिकून असला तर पुरे, नाहीतर आणखी एक बादली. पुढे हिवतापवाल्यांनी डासांच्या अळ्या खायला विहिरींत गप्पी सोडले. मांडवीतल्या कितीतरी पोरांनी पाळलेले पहिले मासे हेच, पोहऱ्यातून वर आलेले गप्पी. ते काचेच्या बरणीत आजारी पडले, तेव्हा विहिरीचंच औषध बरणीत गेलं. मामंजींना यात काही वावगं वाटत नसे. पाणी तेच, मासा तोच, मग औषध दुसरं कशाला?

हिशेबात मात्र फरक पडतो. परमँगनेटला जंतू ओळखता येत नाहीत. समोर येईल ते सेंद्रिय द्रव्य ते जाळत सुटतं: जंतू, तळाची घाण, माशाच्या कल्ल्यांवरचा बुळबुळीत थरसुद्धा. घाणेरड्या टाकीत ते घाणीवरच खर्च होतं, गुलाबी पाणी बघता बघता तपकिरी होतं आणि जंतू शाबूत राहतात. स्वच्छ टाकीत तीच चिमूट माशाचे कल्ले भाजते. टाकीला लिटरमागे दोन मिलिग्रॅम पुरे, आणि तेवढं चिमटीत मोजता येत नाही. मी मग एक ग्रॅम परमँगनेट लिटरभर पाण्यात विरघळवून द्यायला लागले, त्यातलं दहा लिटरला वीस मिलिलिटर. मामंजी हसत. त्यांच्या मते फार्मसी शिकलेल्यांना चिमूट कळत नाही.

मामंजींना ठाऊक नसलेली एक गंमत अशी की पटकीच्या जंतूचे नातेवाईक माशांतही आहेत. व्हिब्रिओ हे ते कुळ. इटलीत कोमाक्कियोच्या खाजणात वाम माशांना होणाऱ्या लाल रोगाची नोंद अठराव्या शतकाच्या आरंभापासून आहे, आणि १९०९ मध्ये बर्गमन या संशोधकाने त्यामागच्या जंतूला व्हिब्रिओ अँग्विलॅरम हे नाव दिलं. म्हणजे हँकिन विहिरीत ज्याच्या मागे लागला होता, त्याचाच एक भाऊबंद खाऱ्या पाण्यातल्या माशांचा जीव घेत होता.

खाऱ्या टाकीचा नाद मांडवीत फार थोड्यांना. समुद्र दाराशी असून असं का, हे बाहेरच्याला कळत नाही. पावसाळ्यात भाट्याच्या खाडीतून काजळी नदीचं गढूळ गोडं पाणी उतरतं आणि किनाऱ्याच्या पाण्याचा खारटपणा भरवशाचा राहत नाही. अशा पाण्याने टाकी भरली की मासे आधी दमतात, मग व्हिब्रिओला वाट मिळते. खाऱ्या टाक्या बघायच्या तर इथे पेठकिल्ल्याकडचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे; ते आधी मत्स्य खात्याचं होतं, नंतर कोकण कृषी विद्यापीठाचं झालं. शाळेच्या सहली तिथे देवमाशाचा सांगाडा बघायला जातात. मी मात्र जाईन तेव्हा टाक्यांमागच्या नळ्या आणि गाळण्या बघत उभी राहते. माशांचा खरा दवाखाना त्या गाळण्याच, हे मला उशिरा उमगलं.

बागायतीतूनही एक औषध आलं: मोरचूद. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या घरात मोरचुदाची पुडी असायचीच. सड्यावरच्या जांभ्या दगडातलं पाणी मऊ असतं, त्यात मोरचूद माशाला विषच. त्या पुडीबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखं नाही. मेथिलिन ब्लू त्या मानाने सभ्य. १८७६ मध्ये जर्मनीत कापड रंगवण्यासाठी तयार झालेला हा रंग १८९१ मध्ये एर्लिक या डॉक्टरने हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला होता. मासेवाल्यांनी तो बुरशीसाठी घेतला.

पण एंजलच्या तोंडावरची ती पांढरी 'बुरशी' बहुतेक वेळा बुरशी नसतेच. १९२२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस याने मिसिसिपी नदीतल्या माशांवरच्या अशा चट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्याला लांबट जंतू खांबासारख्या राशी करून उभे दिसले. म्हणून त्या जंतूच्या नावात कॉलम्नॅरिस आलं. ऊन पाण्यात हा रोग झपाट्याने पसरतो. थंड देशांतल्या पुस्तकांत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर टाकी तापवायचा सल्ला असतो. तो वाचून आमच्याकडची मुलं वैशाखात कॉलम्नॅरिसवाल्या टाकीत हीटर सोडत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसत.

मग आली कॅप्सूल. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये सुरू झालं आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. टाकीतल्या नेहमीच्या जंतूंपुढे पेनिसिलिन लंगडं पडतं, ते फोडून टाकीत घालणारे लोक लवकर थकले. टेट्रासायक्लिनने मात्र मुक्काम ठोकला. कॅप्सूल उघडायची, पिवळी पूड पाण्यावर झटकायची. एका पिढीने माशाचा उपचार म्हणून एवढंच केलं. गिऱ्हाईक येताना आजारी मासा सांगे, जाताना दोन कॅप्सूल नेई, आणि चिठ्ठी कुणी मागितली तर मासा चिठ्ठी कुठून आणणार, असं म्हणून हसे.

त्या पिवळ्या पुडीचं पाण्यात काय होत होतं, ते मी पुस्तकांतून जुळवत गेले. टेट्रासायक्लिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट धरून बसतं. म्हणून तर माणसाला ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका असं आम्ही सांगतो. मांडवीच्या वाळूतल्या विहिरी, शिंपल्यांचा चुरा, किंचित खारट पाणी. अशा पाण्यात पडलेल्या औषधातलं माशाच्या अंगी फारच थोडं लागतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात तर सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिथे काय उरणार! उरलेलं उजेडात तपकिरी होतं, वर फेस धरतं. आणि जंतूंपैकी जे मरतात त्यांत टाकीचे स्वतःचे जंतूही सापडतात. माशाच्या कल्ल्यांतून पाण्यात येणारा अमोनिया पचवून निरुपद्रवी करणारे हे जंतू विनोग्राड्स्की या जंतुशास्त्रज्ञाने १८९० मध्ये वेगळे करून दाखवले होते. गाळणीच्या स्पंजमध्ये ते राहतात. ते मेले की अमोनिया चढतो, मासा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करतो, आणि घरवाले म्हणतात औषध कमी पडलं, अजून दोन द्या.

खरं तर औषध खाण्यातून द्यायचं असतं, माशाच्या वजनाच्या हिशेबाने, सलग आठ-दहा दिवस. पण जंतूने धरलेला मासा पहिल्यांदा खाणंच सोडतो. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातला (ते १९८१ चं) एक विद्यार्थी आमच्या दुकानी यायचा. त्याने एकदा काचेच्या बशीत वाढवलेले जंतू दाखवले. वर औषध लावलेल्या कागदी चकत्या. ज्या चकतीभोवती स्वच्छ कडं पडतं ते औषध चालतं. टेट्रासायक्लिनच्या चकतीला जंतू अगदी टेकून वाढले होते. तो काही बोलला नाही. मी त्या संध्याकाळपासून मासेवाल्यांना कॅप्सूल देणं बंद केलं. धंद्याला त्याने फार फरक पडला नाही. कुरबूर मात्र वर्षभर ऐकली.

सरकारचं लक्ष तिकडे गेलं ते काचेच्या टाकीमुळे नव्हे, कोळंबीमुळे. २००१-०२ च्या सुमारास आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचे अंश सापडले. माल परत आला, आणि कोळंबीच्या तळ्यांत ही औषधं वापरायला आपल्याकडे बंदी झाली. मांडवीच्या घरातल्या गोल्डफिशला कोण खाणार, म्हणून ती टाकी तशीच राहिली. आता तर माशांच्या दुकानात आकर्षक पाकिटं मिळतात. काहींवर आत काय आहे तेच छापलेलं नसतं, पण पाण्याला आलेल्या पिवळ्या रंगावरून मी ओळखते.

आमच्याकडे २०१४ पासून एच-वन यादीतल्या, चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची वेगळी वही आहे. डॉक्टरचं नाव, रोग्याचं नाव, औषध, नग, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. तीत माशामुळे झालेली एक नोंद आहे. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांत संशोधक अ‍ॅरॉन्सनला क्षयाच्या कुळातला एक जंतू सापडला, मायकोबॅक्टेरियम मरायनम. काटा किंवा काच लागलेल्या बोटातून तो माणसात शिरतो, गाठी उठतात, आणि त्या महिनोन्‌महिने हटत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका हौशी माणसाने कापलेल्या बोटाने टाकी धुतली होती. बोटाला काटा गेला असेल म्हणून त्याने वर्षभर निरनिराळी मलमं लावली. शेवटी तुकडा काढून तपासला, निदान झालं, आणि तो रिफॅम्पिसिन व इथॅम्ब्युटॉलची चिठ्ठी घेऊन आला. दोन्ही एच-वनमधली. मी वहीत त्याचं नाव घातलं आणि गोळ्या किती महिने चुकवायच्या नाहीत ते समजावलं. त्याने विचारलं, "आणि काकू, माशांना काय देऊ?" या रोगाला टाकीत द्यायचं असं काही नाही. मासे काढायचे, वाळू टाकून द्यायची, काच क्लोरिनच्या पाण्याने धुवायची आणि हातात रबरी मोजे घालायचे. मोजे मी त्याला दिले, ते बिलात लावले.