ट्रायल्सच्या जुन्या मोटारसायकली : दुरुस्ती, जुळणी व पाठभेद

(१)

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे पोथ्या, दप्तरें, नाणीं व ताम्रपट यांचें स्मरण होतें. चालतें यंत्र साधनांच्या यादींत घालावें कीं नाहीं, याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं. प्रस्तुत लेखांत ब्रिटनमधील ट्रायल्स-स्पर्धांच्या जुन्या मोटारसायकलींकडे आम्ही त्या दृष्टीनें पाहणार आहों. विषय प्रथमदर्शनीं संशोधकांच्या वाटेपासून दूरचा वाटेल. परंतु त्यांतून निघणारा प्रश्न पोथ्या जमविणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. पोथी बासनांत बांधून ठेविली तर टिकते. यंत्र ठेवून दिलें तर गंजतें आणि चालविलें तर झिजतें. तें चालतें राहावें म्हणून वारंवार उकलावें, घासावें व बदलावें लागतें. अशा वस्तूचें मूळ रूप कोणतें, आणि दुरुस्ती करणारा हात पुरावा राखतो कीं पुसतो, हें येथें पाहावयाचें आहे.

(२)

ट्रायल ही वेगाची शर्यत नव्हे. डोंगराळ मुलखांतील ओढे, खडक, चिखल व चढ यांतून कांहीं तुकडे आंखून दिलेले असतात. ते पाय जमिनीस न टेकतां ओलांडावयाचे असतात. पाय एकदां टेकला तर १ दोष, वारंवार टेकला तर ३, आणि यंत्र थांबलें तर ५, अशी गणना रूढ झाली. ज्याचे दोष सर्वांत कमी तो विजयी. या प्रकारांतील सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा म्हणजे स्कॉटलंडची ‘सिक्स डेज ट्रायल’. तिची परंपरा १९०९ पासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७, १९४८ व १९४९ अशीं सलग तीन वर्षें ती ह्यू व्हायनी यानें ए. जे. एस. यंत्रावर जिंकली. तेथून १९६४ पर्यंतचा काळ हा मोठ्या एक-सिलिंडरी फोर-स्ट्रोक ब्रिटिश यंत्रांच्या भरभराटीचा काळ होय. आमचें विवेचन मुख्यतः या काळापुरतें आहे.

(३)

शर्यतीच्या यंत्राची जुळणी, जिला मिस्त्री लोक ट्यूनिंग म्हणतात, ती शक्ति वाढविण्यासाठीं असते. ट्रायल्सच्या यंत्रांत शक्ति मंद, अखंड व आज्ञाधारक करावयाची असते. म्हणून सिलिंडरांतील दाब कमी, फ्लायव्हील जड, कार्बुरेटर लहान आणि पहिला गिअर फार खालचा ठेवितात. मागील टायरांत हवा चौरस इंचास अवघी चार-पांच पौंड. इतक्या कमी हवेनें टायर रिमवर सरकतो, म्हणून त्यास आंतून आवळून धरणारे बोल्ट बसवितात.

कार्बुरेटरचें काम विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. अमाल बनावटीच्या कार्बुरेटरची स्लाइड पहिल्या अष्टमांशापर्यंत उघडी असतां मिश्रणावर पायलट जेटची सत्ता चालते. तेथून चतुर्थांशापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेवरील तिरक्या कापाची. तेथून तीन-चतुर्थांशापर्यंत सुईची. आणि त्यापुढें मुख्य जेटची. ट्रायल्सचा स्वार आपला बहुतेक वेळ पहिल्या चतुर्थांशांत काढतो. तेव्हां यंत्र अडखळूं लागल्यास मुख्य जेट बदलीत बसणें व्यर्थ होय. स्लाइड झिजून सैल झाली कीं बाजूनें हवा शिरते, मिश्रण पातळ होतें, व पायलटचा स्क्रू कितीहि फिरविला तरी मंद चाल स्थिर होत नाहीं.

मॅग्नेटोचेंहि तसेंच. लुकास मॅग्नेटोच्या ठिणगी-बिंदूंतील अंतर एका इंचाचे १२ सहस्रांश असावें लागतें, आणि ठिणगी मागेंपुढें करण्यास हँडलवर एक खिटी असते. आंतील तारांवर चपडा-लाखेचा लेप असतो. तो कालांतरानें मऊ पडतो, कंडेन्सरहि निकामी होतो. मग यंत्र थंड असतां निमूटपणें सुरू होतें व तापल्यावर बंद पडतें.

हे तपशील देण्याचें कारण असें कीं, यांतील प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्याच्या हाताची खूण मागें ठेविते. कानशीनें वाढविलेला स्लाइडचा काप, रिमला पाडलेलीं जादा भोकें, जागा बदललेले फूटरेस्ट व त्यांच्या पूर्वीच्या जागीं राहिलेला पितळी सांधा, या सर्वांवरून तें यंत्र कोणत्या जमिनीवर, किती मंद व कोणत्या रीतीनें हांकलें जात असे, हें समजतें. मिस्त्रीस हे दोष दिसतात. संशोधकानें ते समासांतील टिपणांप्रमाणें वाचावे.

(४)

पोथीचा काळ ठरवितांना पुष्पिका, कागद, शाई व अक्षरांचें वळण पाहतात. यंत्राची पुष्पिका म्हणजे एंजिनावर व फ्रेमवर ठोकलेले क्रमांक. त्यांस आधार देणारें दप्तर म्हणजे यंत्र कारखान्यांतून रवाना झाल्याच्या वह्या. १९४६ सालीं स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटारसायकल क्लबनें कित्येक कारखान्यांच्या अशा वह्या संभाळल्या आहेत. तिसरें साधन म्हणजे मालकाकडील जुनें नोंदणी-पुस्तक. त्यांत मालक व एंजिन बदलल्याच्या नोंदी सांपडतात. १९७० नंतर नोंदणी स्वान्सी येथें एकवटली, त्या वेळीं स्थानिक कचेऱ्यांच्या पुष्कळ वह्या नाहींशा झाल्या. म्हणून खाजगी हातीं उरलेल्या या पुस्तकांचें मोल वाढलें आहे.

परंतु क्रमांक घासून पुन्हां ठोकतां येतो, जशी सनद बनावट करतां येते. शिवाय कारखान्यांच्या स्पर्धा-खात्यांत एका यंत्राचा नोंदणी-क्रमांक दुसऱ्यावर चढविण्याची चाल होती. म्हणून अंतर्गत पुरावा तपासणें अवश्य ठरतें. तरंगपात्र निराळें असलेला अमाल कार्बुरेटर जुना. दोन्ही एका ओतकामांत असलेला ‘मोनोब्लॉक’ १९५५ च्या सुमाराचा. ‘कॉन्सेंट्रिक’ १९६७ चा. १९४९ च्या यंत्रावर मोनोब्लॉक दिसला तर तो उत्तरकालीन पाठ होय, हें उघड आहे. दुसरी खूण आट्यांची. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. आणि सायकल-जातीच्या आट्यांत बहुधा इंचास २६ फेरे असतात. जुन्या ब्रिटिश एंजिनांत मेट्रिक स्क्रू निघाला तर तेथें नंतरचा हात फिरला, हें सांगण्यास दुसरा साक्षीदार नको.

(५)

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. उत्तरकालीन बदल दिसला कीं तो काढून यंत्र कारखान्यांतून निघालें त्या रूपांत आणावें, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती अपुरा आहे, हें एरिएल कारखान्याच्या एका यंत्रावरून दिसून येईल.

बर्मिंगहॅमजवळ सेली ओक येथें एरिएल कंपनी एच. टी. ५ नांवाचें ५०० सी. सी. चें ट्रायल्स-यंत्र तयार करीत असे. त्यांपैकीं जी. ओ. व्ही. १३२ या नोंदणी-क्रमांकाचें यंत्र बेलफास्टच्या सॅमी मिलर याच्याकडे होतें. १९५९ सालीं कंपनीनें फोर-स्ट्रोक यंत्रें काढणें बंद केलें. मिलर मात्र तेंच यंत्र वर्षानुवर्षें सुधारीत राहिला. रेनॉल्ड्स ५३१ जातीच्या हलक्या नळ्यांची फ्रेम, हलक्या धातूचे भाग व फायबरग्लास यांच्या योगानें त्यानें त्याचें वजन पुष्कळ उतरविलें. १९६२ व १९६४ सालीं स्कॉटलंडची स्पर्धा त्यानें याच यंत्रावर जिंकली. १९५९ ते १९६९ अशीं अकरा वर्षें ब्रिटिश विजेतेपद त्याजकडे राहिलें, त्यांतील पूर्वार्ध एरिएलचा आहे. १९६४ च्या अखेरीस तो स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला, आणि १९६५ ची स्कॉटलंडची स्पर्धा त्यानें तेथील टू-स्ट्रोक ‘शेर्पा’वर जिंकली. जड फोर-स्ट्रोकचें युग तेथें संपलें.

या यंत्राचें मूळ रूप कोणतें मानावें? कारखान्याच्या रवानगीच्या वहीपुरतें पाहिलें तर पहिलें. परंतु ज्या रूपानें इतिहास घडविला तें रूप शेवटचें आहे, आणि रवानगीच्या वहींत त्याचा मागमूस असणें शक्य नाहीं. येथें दप्तर मुकें आहे. बोलतें तें लोखंड. हें यंत्र मूळ पाठाच्या नांवाखालीं कारखान्याच्या नमुन्यावर आणणें म्हणजे खऱ्या लेखावर हरताळ फांसणें होय. सुदैवानें तें न्यू मिल्टन येथें मिलरच्याच संग्रहालयांत सुरक्षित आहे. सामान्य स्वारांच्या हजारों यंत्रांस असा रक्षणकर्ता लाभला नाहीं.

(६)

आपल्या वाचकांस जवळचें असें दुसरें उदाहरण रॉयल एन्फील्डच्या बुलेटचें. आपल्या रस्त्यांवरील या गाडीचा जन्म ट्रायल्सच्या चिखलांत झाला, हें फार थोड्यांस माहीत असेल. मागील चाकास झुलत्या भुजेचें स्प्रिंग असलेलीं तिचीं नमुना-यंत्रें फेब्रुवारी १९४८ मध्यें कोलमोर ट्रायलमध्यें उतरलीं. ताठ फ्रेमच जमीन घट्ट धरते, असा त्या वेळीं जाणत्यांचा ग्रह होता. त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथें आंतरराष्ट्रीय सहा-दिवसांच्या स्पर्धेंत ब्रिटनच्या विजयी संघांत दोन बुलेट होत्या व दोघांहि स्वारांस सुवर्णपदकें मिळालीं. पुढें १९५२ व १९५७ सालीं जॉनी ब्रिटन यानें एन्फील्डवर स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली, आणि तो वाद मिटला.

१९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. इंग्लंडमधील रेडिचचा कारखाना १९६७ त बंद पडला, तरी तीच रचना भारतांत कित्येक दशकें चालू राहिली. परिणाम असा कीं, भारतीय बनावटीचे बरेच भाग रेडिचच्या जुन्या यंत्रांस बसतात. यंत्र चालतें ठेवण्यास हा मोठाच आधार आहे. परंतु काळ ठरविणाऱ्यास तो चकवाहि आहे. एकाच ग्रंथाची दुसऱ्या प्रांतीं, दुसऱ्या हातानें, दीर्घकाळ नक्कल होत राहावी व तीं पानें पहिल्या पोथींत मिसळावीं, तसा हा प्रकार आहे.

(७)

१९८४ पासून स्कॉटलंडमध्यें १९६५ पूर्वीच्या यंत्रांसाठीं स्वतंत्र स्पर्धा भरूं लागली. तिच्यामुळें अडगळींतील अनेक यंत्रें उजेडांत आलीं, हें तिचें श्रेय नाकारतां येत नाहीं. पण चढाओढ आली कीं जिंकण्याची इच्छा येते. बाहेरून जुनें रूप राखून आंत नवी विद्युत्-ठिणगी, नवे फोर्क व हलके हब घातलेलीं यंत्रें तयार होऊं लागलीं. प्रसिद्ध यंत्रांच्या प्रतिकृतीहि पुष्कळ झाल्या. खेळ म्हणून यांत आम्हांस आक्षेप नाहीं. हीं यंत्रें पुढें हातोहात जातील, करणारे हयात नसतील, आणि नवें तें जुनें म्हणून नोंदलें जाईल, ही भीति मात्र खरी आहे. द्रव्याचा नाश वेगळाच. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून सामान्य पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या फायबरग्लासच्या टाक्यांची राळ त्यानें मऊ पडते. पोथीस वाळवी, तसें टाकीस हें पेट्रोल.

(८)

मग दुरुस्ती करूंच नये काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच परंपरेंत आहे. श्रीएकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि ती शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, कां व कशी केली हें ग्रंथाच्या शेवटीं नमूद केलें. म्हणूनच एकनाथपूर्व प्रत कोणती असा प्रश्न पुढील संशोधकांस विचारतां आला, व १९०९ सालीं राजवाड्यांनीं तशी म्हणून एक प्रत प्रसिद्धहि केली. शोधकानें आपला हात लपविला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

यंत्राच्या शोधकानेंहि इतकेंच करावें. उकलण्यापूर्वीं छायाचित्र व मापें घ्यावीं. झिजलेली स्लाइड, जुन्या मॅग्नेटोचा गाभा, मूळ स्क्रू फेंकूं नयेत. चिठ्ठी बांधून ठेवावे. गंज काढावा, पण ठोकलेल्या अक्षरांवरून कानस फिरवूं नये. नव्या भागावर न दिसेल अशा जागीं साल कोरावें. स्वाराच्या काळांतील बदल आणि आपण केलेले बदल यांची निरनिराळी यादी एका वहींत लिहावी, व यंत्र विकलें तर वही त्याबरोबर द्यावी. आपल्याकडेहि कित्येक घरांच्या पडवींत जुनीं यंत्रें उभीं आहेत. तीं चालतीं करणारांनीं ही पुष्पिका लिहिली, तर पुढच्या वाचकास पाठ लावतां येईल.