वाटाड्यावाचून समुद्र

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम ग्रीक नाविकाने लिहिलेला 'पेरिप्लस' हा ग्रंथ आपल्या किनाऱ्याचा एक जुना साक्षीदार आहे. त्यात कल्याणचे नाव येते, आपल्या वसई तालुक्यातील सोपाऱ्याचेही येते. परंतु त्या नाविकाला खरा धाक बसला तो भडोचच्या खाडीतील भरती-ओहोटीचा. पाहता पाहता समुद्राचा तळ उघडा पडतो आणि जेथे कोरडी जमीन होती तेथे क्षणात पाण्याचा लोंढा येतो, असे तो नोंदवितो. त्याबरोबरच तो आणखी एक मोलाची गोष्ट सांगतो. राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी उभे राहत आणि परक्या गलबतांना वाट दाखवीत बंदरात आणीत. अनोळखी पाण्यात वाटाड्यावाचून शिरू नये, हे शहाणपण आपल्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी राजमान्य झाले होते.

हे शहाणपण ग्रंथांत नव्हे, तर कोळ्यांच्या घरांत जपले गेले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, हा हिशेब कोकणात आजही तोंडपाठ असतो. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. चंद्रोदयाप्रमाणे भरतीही दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, म्हणून हा हिशेब जमतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारा भांग, हा भेदही त्यातलाच. मुंबई-वसईकडे उधाणाचे पाणी पाच मीटरच्या आसपास चढते; गोव्याकडे ते साधारण निम्मेच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात जात. समुद्र हे कामाचे ठिकाण होते. करमणुकीसाठी त्यात उतरण्याची कल्पना या जीवनात फारशी नव्हती.

ती कल्पना रुजली युरोपात. अठराव्या शतकात इंग्लंडमधील वैद्यांनी समुद्रस्नान आरोग्यदायी ठरविले आणि ब्रायटनसारखी गावे स्नानार्थींनी गजबजली. तेथेही आरंभी लोक एकटे पाण्यात शिरत नसत. त्यांना हाताला धरून बुडी देणाऱ्या कसलेल्या स्त्री-पुरुषांचा एक स्वतंत्र व्यवसायच होता. पुढे चौपाटीवर सहकुटुंब जाण्याची हौस आपल्याकडेही फोफावली. हौस आली, वाटाड्या मात्र आला नाही.

त्याची किंमत आपण मोजली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी उधाण नव्हते. चंद्र अष्टमीच्या सुमाराचा, म्हणजे भांगाचे दिवस होते. वादळ नाही, पावसाळा नाही, अशा दिवशीही समुद्र माणसे नेतो, हा त्या दुर्घटनेचा धडा होय. उतरत्या वाळूवर छातीइतके पाणी चार पावलांत डोक्यावर जाते. शिवाय फुटून आलेल्या लाटांचे पाणी कोठेतरी वाट काढून परत फिरते. ती वाट वरून शांत दिसते, तेथे लाट फुटत नाही, म्हणून नवखा मनुष्य नेमका तीच जागा निवडतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहणे व्यर्थ असते. धीर धरून तरंगावे, किनाऱ्याला समांतर सरकावे, हात उंचावून मदत मागावी.

सागरी जीवांचेही असेच आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पन्नासहून अधिक लोकांना पाकटांच्या दंशाने इजा झाली. पाकट हल्ला करीत नाही. तो वाळूत अंग पुरून पडलेला असतो आणि पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतो. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालले, तर तो आधीच निघून जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यांसारखे 'ब्लू बॉटल' आले आणि सुमारे दीडशे जणांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या. या जीवाला पोहता येत नाही. त्याचा फुगा शिडासारखा वारा धरतो, म्हणून पावसाळी वाऱ्यांबरोबर तो आपल्याकडे येतो. याच शिडामुळे त्याचे दुसरे नाव पोर्तुगीज युद्धनौकेवरून पडले. वाळूवर मेलेला दिसला तरी त्याचे तंतू डसतात. मुलांना ही गोष्ट आधी सांगावी. डंख झाल्यास जागा चोळू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन तंतू अलगद काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्याने वीस मिनिटे शेकावे. पाकटाच्या जखमेलाही गरम पाण्याने उतार पडतो, परंतु काट्याचा तुकडा आत राहू शकतो, म्हणून डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच. श्वास लागला किंवा चक्कर आली, तर क्षणाचाही विलंब करू नये.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. जेथे लाल-पिवळे निशाण तेथे पोहावे, जेथे लाल तेथे पाण्यात उतरू नये, एवढा साधा नियम. पेरिप्लसच्या काळी राजाने कोळ्यांना जे काम दिले, तेच हे काम आहे.

आम्हां किनाऱ्याच्या लोकांवर म्हणूनच एक जबाबदारी येते. शहरातून आलेले कुटुंब आपल्या पुळणीवर उतरते तेव्हा त्याला आजची तिथी ठाऊक नसते, वाळूतला खड्डाही ठाऊक नसतो. आपल्याला तो ठाऊक असतो. अशा वेळी पुढे होऊन दोन शब्द सांगण्याचा संकोच आपण का करावा? पाहुण्याने रागावून पाहिले तरी चालेल; तो संध्याकाळी मुलाबाळांसह घरी पोहोचला म्हणजे झाले.